रक्ताची वाट आणि वर्गातलं दमणारं मूल



"पोरगं अंगानं भरतच नाही." "ही कायम सर्दी-खोकल्यात." "याला खेळायचाच कंटाळा." ही वाक्यं शाळेत, अंगणवाडीत, घरी रोज कानावर पडतात. बहुतेक वेळा त्यामागे नेहमीची कारणं असतात. जंत असतात, रक्त कमी असतं, मूल सकाळी उपाशी येतं. पण एखाद्या मुलाच्या बाबतीत याच वाक्यांमागे जन्मापासून हृदयात असलेला दोष असतो. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतः काहीतरी दोष असतो. सगळेच दोष गंभीर नसतात. काही आपोआप भरून येतात. तरीही २००-३०० पटाच्या शाळेत असं एखादं मूल असणं अगदी शक्य आहे.

माझी नोकरीची बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. या काळात माझ्या वर्गात अशी दोन मुलं आली, एक मुलगी आणि एक मुलगा. त्यांची नावं, गावं इथे लिहीत नाही. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. उपचार सांगणं माझं काम नाही. पण या दोघांमुळे 'रक्ताभिसरण' हा भाग मला वेगळ्या पद्धतीने शिकवावा लागला, आणि तो वर्गाबाहेर, मुलांच्या घरीही उपयोगी पडला. तेच आज लिहिते आहे.

आधी सरळ वाट

हृदयाचं चित्र फळ्यावर काढून नावं लिहून घेतली तर मुलं नावं पाठ करतात, वाट विसरतात. म्हणून मी हा पाठ व्हरांड्यात घेते. खडूने मोठं हृदय आखायचं. त्यात चार खोल्या. वरच्या दोन अलिंद, खालच्या दोन निलय. मध्ये उभा पडदा, म्हणजे भिंत. वर्गाच्या दारात 'फुप्फुस' आणि मैदानातल्या कडुनिंबाखाली 'शरीर'. मुलं म्हणजे रक्त. प्रत्येकाच्या हातात जुन्या लग्नपत्रिकेचं कार्ड, एका बाजूला लाल कागद, दुसऱ्या बाजूला निळा. निंबाखाली पोचलं की ऑक्सिजन द्यायचा आणि कार्ड निळं करायचं. फुप्फुसात आलं की पुन्हा लाल.

वाट ठरलेली. शरीराकडून आलेलं रक्त उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, तिथून फुप्फुसात. फुप्फुसातून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि महाधमनीने पुन्हा शरीराकडे. प्रत्येक दारावर एकेक मूल 'झडप' म्हणून उभं. झडपेचं काम एवढंच, पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून टाकते. निळं रक्त खरोखर निळं नसतं. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद, काळपट लाल असतं. चित्रात ओळखू यावं म्हणून निळा रंग देतात.

मग थोडे आकडे. आपलं हृदय साधारण आपल्या मुठीएवढं. वीस किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं, आणि ते एक मिनिट पूर्ण व्हायच्या आत सगळ्या अंगातून फिरून येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाची नाडी बसलेली असताना मिनिटाला साधारण ७० ते ११० पडते. मुलं एकमेकांची नाडी मोजतात, मैदानाला फेरी मारून येतात आणि परत मोजतात. धावल्यावर पायांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून हृदय भरभर चालतं, हे त्यांना बोटाखाली कळतं.

या खेळात एकदा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मधली भिंत कशाला? एकच मोठी खोली केली असती तर?" प्रश्न फार चांगला होता. बेडकाच्या हृदयाला तीनच खोल्या असतात, खाली एकच निलय. त्याचं भागतं, कारण तो ओल्या त्वचेतूनही ऑक्सिजन घेतो आणि त्याला आपल्यासारखं अंग सतत गरम ठेवावं लागत नाही. आपल्याला मात्र लाल आणि निळं वेगळं ठेवावं लागतं. ते काम त्या भिंतीचं.

भिंतीला भोक असेल तर

त्या मुलीने तिसरीत असताना भिंतीचा अर्थ आम्हा सगळ्यांना नीट समजावला. ती अंगाने बारीक, वजन वयाच्या मानाने बरंच कमी. महिन्यातून पाच-सहा दिवस तापा-खोकल्याने गैरहजर. खिचडी खायला सगळ्यात जास्त वेळ तिला लागायचा. लंगडी खेळताना दोन घरं झाली की ती 'आऊट' व्हायच्या आधीच बाजूला जाऊन उभी राहायची. पण ओठ, नखं गुलाबी. कोरोनाच्या काळात शाळेत आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर आकडा ९८. त्यामुळे तिच्या हृदयात काही असेल असं वरवर पाहून वाटण्यासारखं नव्हतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा माझ्या वहीतल्या तिच्या नोंदी मी डॉक्टर मॅडमना वाचून दाखवल्या. त्यांनी स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ छातीवर ठेवला. ठोक्याबरोबर फुंकर मारल्यासारखा जादा आवाज येत होता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी 'टूडी इको' झाली. खालच्या दोन निलयांमधल्या पडद्याला छिद्र निघालं. डॉक्टर याला 'व्हीएसडी' म्हणतात. जन्मजात हृदयदोषांमध्ये हा दोष फार मोठ्या प्रमाणात आढळतो.

आता भोक असूनही ऑक्सिजन ९८ कसा? इथे दाबाचं गणित समजून घ्यावं लागतं. डाव्या निलयाला रक्त डोक्यापासून पायापर्यंत पाठवायचं असतं. त्यामुळे आकुंचन पावताना तिथला दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरपर्यंत जातो. उजव्या निलयाला फक्त शेजारच्या फुप्फुसात पाठवायचं असतं, तिथे साधारण २५ पुरतो. भिंतीला भोक असेल तर रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे डावीकडून उजवीकडे जातं. म्हणजे फुप्फुसातून नुकतंच ऑक्सिजन भरून आलेलं लाल रक्त शरीराकडे न जाता पुन्हा फुप्फुसात जातं. शरीराला जे पोचतं ते लालच असतं, म्हणून ओठ गुलाबी आणि आकडा चांगला. पण फुप्फुसात रक्ताची गर्दी होते. तिथे ओल राहते, श्वास जलद होतो, संसर्ग लवकर धरतो. आणि शरीराची गरज भागवण्यासाठी हृदयाला तेच रक्त दोनदा ढकलावं लागतं. खाल्लेलं अन्न वाढीऐवजी या कामातच जातं. तान्ह्या बाळात हेच दूध पिताना दिसतं. बाळ दोन घोट घेतं, थांबतं, धापा टाकतं, कपाळाला घाम येतो.

तपासणीहून आल्यावर तिने वर्गात सांगून टाकलं, "माझ्या हृदयाला भोक आहे." दोन दिवसांत तिच्या शेजारी बसायला मुलं कचरू लागली. "आपल्याला पण पडेल," असं एकाने सांगितलं होतं. म्हणून मी तिच्या आईला विचारलं, तिलाही विचारलं आणि व्हरांड्यातला खेळ पुन्हा मांडला. या वेळी खालच्या दोन खोल्यांमधली खडूची रेघ ओल्या फडक्याने हातभर पुसली. नियम असा केला की डाव्या निलयात आलेल्या दर दोघांपैकी एकाने त्या फटीतून उजवीकडे जायचं. पाचच मिनिटांत फुप्फुसाच्या दारात लाल कार्डांची ही गर्दी झाली आणि निंबाखाली मोजकी मुलं उरली. निंबाखाली 'स्नायू' म्हणून बसलेली मुलं ओरडायला लागली, "अरे इकडे पाठवा की!" हृदयात ढकलायला उभी असलेली दोन मुलं घामाघूम.

ती मुलगी पायरीवर बसून पाहत होती. म्हणाली, "म्हणजे माझं रक्त अर्ध्या वाटेतनं माघारी येतंय."

त्यानंतर तिच्या शेजारी बसण्यावरून वर्गात भांडण उरलं नाही. भोक कसं 'लागत' नाही हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

घरी झालेलं बोलणं

वर्गाला समजावणं सोपं होतं. घर अवघड होतं. डॉक्टरांनी छिद्र बंद करायला सांगितलं होतं आणि उशीर करू नका असंही सांगितलं होतं. घरी मात्र "मोठी होऊ दे, मग बघू" असं ठरत होतं. मी आणि आशाताई एका रविवारी तिच्या घरी गेलो.

आजी दारातच बोलल्या, "बाई, हिची आई ग्रहणात भाजी चिरत बसली व्हती. मी तवाच म्हनलं व्हतं." आई चुलीपाशी मान खाली घालून बसलेली. आठ वर्षं ती हे ऐकत असणार.

मी आजींना विचारलं, "आजी, ग्रहण लागलं तेव्हा सुनेला कितवा महिना होता?" त्या म्हणाल्या, "सहावा सरला असंल." मग मी सांगितलं की बाळाचं हृदय पोटात पहिल्या आठ आठवड्यांतच घडून होतं. खोल्या, भिंती, झडपा, सगळं. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं. सहाव्या महिन्यात सूर्याला काहीही झालं तरी तयार झालेल्या भिंतीला भोक पडत नाही. बहुतेक मुलांमध्ये एकच असं कारण सापडत नाही. काही वेळा गुणसूत्रांतला बदल असतो, काही वेळा आईचा नीट ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधं किंवा दारू, किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला. (नोव्हेंबर २०१८ मध्ये आपण शाळाशाळांत गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबवली, तिचा हृदयाशी संबंध आहे तो असा.)

आणखी एक गोष्ट सांगितली. जन्माआधी आपल्या प्रत्येकाच्या हृदयात आडवाटा असतात. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नाहीत, ऑक्सिजन आईकडून नाळेतून येतो. म्हणून रक्त फुप्फुसांना बरंचसं टाळून जातं. एक वाट वरच्या दोन खोल्यांमधल्या पडद्यातून, दुसरी फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणाऱ्या छोट्या नळीतून. बाळ पहिल्यांदा रडतं, फुप्फुसं हवेने भरतात आणि या वाटा मिटू लागतात. ती नळी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत बंद होते. काहींची ती उघडी राहते. काहींची भिंत खाली पूर्ण बांधली गेलेली नसते. बांधकाम थोडं अपुरं राहिलं, एवढंच. यात कुणाचं पाप नाही.

वडील शेतकरी. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मोटार दिवसभर चालतीय, पन निम्मं पानी परत हिरीतच पडतंय."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. मी पुढचं त्यांच्याच भाषेत सांगितलं. मोटार जादा चालली की तापते, तसं हृदय आकाराने वाढतं, थकतं. आणि फुप्फुसाच्या नळ्यांवर वर्षानुवर्षं जादा दाबाचं पाणी आदळलं तर त्या आतून जाड आणि कडक होतात, क्षार धरलेल्या पाइपासारख्या. एकदा त्या तशा झाल्या की उजवीकडचा दाब वाढत जातो. मग रक्त उलटं, उजवीकडून डावीकडे जायला लागतं. गुलाबी मूल निळसर पडतं. त्या टप्प्यावर भोक बुजवून उपयोग होत नाही, उलट धोका वाढतो. डॉक्टर 'उशीर करू नका' म्हणतात ते यासाठी. शस्त्रक्रियेची एक वेळ असते आणि ती निघून जाते.

खर्चाचं विचारलं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होणार होतं, कागद आशाताईंनी बरोबरच आणले होते. तरी आजींचं पालुपद होतंच, "पोरीची जात हाय बाई. छातीवर एवढा मोठा वन राह्यला तर उद्या तिला कोन करंल?"

घरात कुणीच काही बोललं नाही. मग चुलीपाशी बसलेली तिची आई पहिल्यांदा बोलली. "आत्या, पोरगा असता तर वनाचं काढलं असतं का?"

एवढंच. आवाज चढवला नाही. आजी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तारीख कवाची हाय ते इचार."

दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या कापडासारख्या पातळ आवरणाचा तुकडा किंवा कृत्रिम ठिगळ वापरून छिद्र बंद करतात. ती डिसेंबरात शाळेत आली. आता ती सातवीत आहे. वण आहे. लंगडीच्या संघात आहे.

उकिडवं बसणारा मुलगा

दोन वर्षांनी माझी बदली झाली. नव्या शाळेत पहिलीत एक मुलगा होता, ऊसतोड कुटुंबातला. तो शिवणापाणी खेळताना थोडं धावला की थांबायचा आणि जागेवरच उकिडवा बसायचा. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांभोवती. मिनिटभराने उठून परत खेळायला. ओठ जांभळट, जीभही. बोटांची टोकं फुगीर आणि नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगलेली. ऑक्सिमीटरवर ८२. त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल काढून दिली. आजाराचं नाव लिहिलेलं होतं, 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो'. पुढच्या तपासणीची तारीख कारखान्याच्या हंगामात आली होती. ती गेली, नंतर राहूनच गेलं.

फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या आर्थर फॅलो या डॉक्टरांनी १८८८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. यात चार गोष्टी एकत्र असतात. दोन निलयांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनीचं तोंड सरकून त्या छिद्राच्या वर आलेलं, आणि उजव्या निलयाची भिंत जाड झालेली.

मुलीच्या आणि याच्या हृदयात छिद्र एकाच जागी, पण परिणाम उलटा. इथे फुप्फुसाचं दारच अर्धं बंद. उजवीकडच्या निळ्या रक्ताला तिथे शिरायला जागा नाही, म्हणून ते छिद्रातून थेट महाधमनीत जातं आणि ऑक्सिजन न घेताच शरीरात फिरतं. व्हरांड्यातल्या खेळात हे दाखवायला मी फुप्फुसाच्या दारात दोन बाकं आडवी लावली. काही वेळातच निंबाखाली निळी कार्डं घेऊन पोरं पोचायला लागली. तिथल्या 'स्नायूं'ना गर्दी भरपूर मिळाली, ऑक्सिजन मिळेना.

मग तो उकिडवा का बसायचा? असं बसलं की मांड्या आणि गुडघ्यांतल्या धमन्या दुमडून दाबल्या जातात. शरीराच्या बाजूचा अडथळा वाढतो. त्यामुळे महाधमनीकडे पळणारं रक्त फुप्फुसाच्या अरुंद वाटेकडे जास्त वळतं. पायांतलं ऑक्सिजन संपलेलं रक्तही थोडा वेळ पायांतच अडून राहतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोराच्या शरीराने स्वतःच शोधलेला उपाय होता तो. अशा मुलाला 'ऊठ, उभा राहा' म्हणून कुणी दंडाला धरून उठवलं, तर आपण त्याचं औषधच काढून घेतो.

या आजाराच्या पहिल्या शस्त्रक्रियेची गोष्ट मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची. लहानपणी त्यांना डिस्लेक्सिया होता, वाचनासाठी फार झगडावं लागलं. पुढे ऐकूही कमी येऊ लागलं, तेव्हा त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची हालचाल बोटांनी ओळखायला शिकल्या. शस्त्रक्रिया केली डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी. आणि प्रयोगशाळेत ती बसवली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. मंदीत बँक बुडाल्याने कॉलेजसाठी साठवलेले पैसे गेले आणि त्यांचं डॉक्टर व्हायचं राहिलं. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढचा टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. हाताकडे जाणारी एक धमनी फुप्फुसधमनीला जोडून त्यांनी रक्ताला फुप्फुसाकडे जायला नवी वाट करून दिली. थॉमस यांना त्याच विद्यापीठाने १९७६ साली मानद डॉक्टरेट दिली. वाचता न येणारी मुलगी आणि कॉलेज सुटलेला मुलगा. आपल्या पटावर अशी मुलं असतात, म्हणून ही गोष्ट मी वर्गात सांगते.

आज आतून पूर्ण दुरुस्ती करता येते. या मुलाची शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात झाली. पथकातल्या डॉक्टरांनी तारीख मिळवून दिली आणि मुकादमाशी वडिलांचं बोलणं आमच्या सरपंचांनी करून दिलं. जूनमध्ये तो शाळेत आला तेव्हा मी काही बोलायच्या आधीच एक मुलगी म्हणाली, "बाई, याचे ओठ बघा!"

शाळेत आणि घरी आपण काय पाहावं

निदान डॉक्टरांनीच करायचं. पण मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्यासमोर असतं. पुढील गोष्टी दिसल्या तर वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा.

- बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागणं, खेळ मध्येच सोडणं, धावल्यावर उकिडवं बसणं.
- वारंवार न्यूमोनिया किंवा खोकला, आणि वजन न वाढणं.
- निळसरपणा. सावळ्या मुलांत तो गालावर दिसत नाही. जीभ, ओठांची आतली बाजू आणि नखं उजेडात पाहावीत.
- खेळताना चक्कर येणं, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं. यात वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावं.
- डाउन सिंड्रोम असलेलं मूल. यांच्यापैकी जवळपास निम्म्या मुलांना हृदयदोष असतो. त्यांची इको झाली आहे का, हे पालकांना जरूर विचारावं.

ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या मुलीचा ९८ होता.

दोष माहीत असलेलं मूल वर्गात असेल तर:

- खेळ सरसकट बंद करू नका. कोणता खेळ, किती, हे डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा. दमल्यावर स्वतःहून थांबायची मोकळीक द्या.
- निळसर मुलांचं रक्त घट्ट झालेलं असतं, कारण शरीर तांबड्या पेशी वाढवून कमतरता भरून काढू पाहतं. त्यांना पाणी कमी पडू देऊ नका. उलट्या-जुलाब झाले तर लगेच दवाखाना.
- असं मूल एकदम जास्त निळं पडलं, श्वास भराभर चालू लागला, तर घाबरून गर्दी करू नका. गुडघे छातीशी येतील असं जवळ घ्या, शांत करा आणि लगेच १०८ला फोन करा.
- दातांची स्वच्छता. किडक्या दातांतून, सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या आत संसर्ग करू शकतात. दाताच्या डॉक्टरांना हृदयदोषाबद्दल आधी सांगावं.
- छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर मधलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दप्तर उचलू देऊ नये, काखेत हात घालून किंवा दंडाला धरून उचलू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासणीच्या दिवशी जे मूल गैरहजर असतं, ते बहुधा वारंवार आजारी पडणारंच असतं. त्यामुळे आदल्या दिवशी अशा मुलांच्या घरी निरोप धाडा, आईला बरोबर बोलवा आणि तुमची वही जवळ ठेवा.

आणि हा पाठ नक्की घेऊन पाहा. कार्डांना लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. लाल आणि निळा घोटीव कागद दोन्ही बाजूंना चिकटवायचा. मधली भिंत मात्र खडूनेच आखा. ती पुसता आली पाहिजे आणि मुलांसमोर परत काढताही आली पाहिजे.